खरवसाचा नमुना

फरीदाबाद
१३ जानेवारी २०२५

ती. आत्या,
सा. न. वि. वि. (पूर्ण रूप विसरले. पण नाही लिहिलं तर तू पत्र परत पाठवशील.)

फोनवर तू म्हणालीस, "महत्त्वाचं असेल तर पत्र लिही, बत्तीस वर्षं टपाल खात्याचं मीठ खाल्लंय मी." म्हणून लिहितेय. फरीदाबादहून लक्ष्मीबाई नगरला मेट्रोने तासाभरात येता येतं. पत्राला दोन दिवस. चलो, तुझी मर्जी.

तर महत्त्वाचं. आतोबांच्या वाढदिवसाला तू मला खरवसाच्या चार वड्या बांधून दिल्यास. तीन मी मेट्रोतच खाल्ल्या, तिथे खायला बंदी आहे तरी. चौथी लॅबमध्ये नेली. ती खाण्यासाठी नव्हती.

मी तीन वर्षं काय करतेय असं तू नेहमी विचारतेस, आणि मी "प्रोटीन" म्हटलं की आतोबा डाळींची नावं सांगायला लागतात. या वेळी नीट सांगते. मी टपाल तिकिटाएवढी एक पारदर्शक चिप बनवलीय. तिच्यात केसाहून बारीक नळ्या आहेत. एका टोकाला थेंब सोडायचा. आत त्यातली प्रथिनं सुटी होतात, धुतली जातात, मग एक एन्झाइम त्यांचे ठरावीक जागी तुकडे करतं. दुसऱ्या टोकाला तुकडे तयार. ते मोठ्या यंत्रात जातात. यंत्र तुकड्यांचं वजन करतं आणि वजनावरून सांगतं, हा तुकडा कुठल्या प्रथिनाचा. चिपच्या आतलं काम लोक एरवी टेस्ट ट्यूबमध्ये करतात. दीड दिवस जातो, आणि नमुनाही भरपूर लागतो. माझ्या चिपला दीड तास पुरतो, आणि मोहरीच्या दाण्याहून कमी माल. एवढीच तिची शान आहे.

२४ फेब्रुवारीला कमिटी येतेय. चिप पास झाली तर मी केलेल्या अर्जाप्रमाणे पुढच्या दोन वर्षांचा निधी मिळेल. नाही तर मी आणि चिप दोघी घरी. आमचे गाईड नरसिंह सर म्हणाले, आधी असा पदार्थ आण ज्यात काय आहे हे तुला शंभर टक्के माहीत आहे. मला जगात शंभर टक्के माहीत असलेली एकच गोष्ट सुचली. तुझा खरवस. दूध, गूळ, वेलची.

फक्त एक विचारायचंय. आतोबा म्हणाले, "चीक मी स्वतः आणतो." मला "चीख" ऐकू आलं. मी हसले, ते रागावले. चीक म्हणजे नक्की काय?

तुझी
रुचिता


लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
१६ जानेवारी

चि. रुचितास,
अनेक आशीर्वाद.

सादर नमस्कार विनंती विशेष. पाठ कर. पत्रात अकरा चुका होत्या. लाल शाईने खुणा करून सोबत परत पाठवते आहे.

पत्र तुझ्या आतोबांनी फोडलं आणि चहाबरोबर मोठ्याने वाचून दाखवलं. लोकांची पत्रं न उघडता पोचवायची, या कामात माझी बत्तीस वर्षं गेली आणि घरात हा प्रकार. लग्नाआधी चौकशी करायला हवी होती.

चीक म्हणजे नुकत्याच व्यायलेल्या गाईम्हशीचं पहिल्या दोन-तीन दिवसांचं दूध. घट्ट, पिवळसर. नुसतं वाफवलं तरी थिजतं. तोच खरवस. दिल्लीत चीक सहज मिळत नाही. हे दर वर्षी आपल्या वाढदिवसाच्या पहाटे कॅन घेऊन निघतात, फरीदाबादच्याही पलीकडे कुठल्याशा गावी एका गवळ्याकडे जातात आणि दहाच्या आत चीक घेऊन परत येतात. एकतीस वर्षं. घरातलं न सांगता केलेलं यांचं हे एकच काम, पण करतात. गावाचं नाव मलाही सांगत नाहीत. गर्दी होईल म्हणतात.

चिपचं समजलं. हे सॉर्टिंग आहे. पाकीट फाटून पत्त्याची अर्धी ओळ उरलेली असते, तेवढ्यावरून पत्र बरोब्बर दारात टाकणारे लोक मी पाहिलेत. तुझं यंत्र तेच करतं.

पण खरवस कशाला? तो खायचा पदार्थ आहे. डाळ घे. पनीर घे. आणि नमुनाच हवा असेल तर मराठीत नमुना दोन प्रकारचा असतो. एक तुझ्या बशीत आहे. दुसरा माझ्यासमोर बसून विचारतोय, "एवढं काय लिहितेस?" तो घेऊन जा. खरवस सोड.

तुझी
आत्या


फरीदाबाद
२० जानेवारी

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळायच्या आधीच खरवस चिपवर चढला होता. आता ऐक. बसून ऐक.

दुधाची प्रथिनं आली. बरोबर. आणि त्यांच्यासोबत अंडं आलं. अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन. चुकून शिंतोडा उडाल्यासारखं नाही, ढीग!

अंडं, आणि तुमच्या घरात! आतोबांनी दिल्लीला येताना त्यांच्या आईला शब्द दिला होता की अंड्याला शिवणार नाही. माझ्या दहाव्या वाढदिवसाचा केक त्यांनी मेणबत्त्यांसकट दुकानात परत नेला होता, आठवतंय? मी तो शेवटपर्यंत पाहिला, रिक्षात त्यांच्या मांडीवर.

म्हणजे चिप खोटं बोलतेय. नसलेलं दाखवतेय. सर म्हणाले, अंडं कुठून आलं ते शोध, नाहीतर ही चिप कमिटीपुढे न्यायची नाही. तीन वर्षं, आत्या.

आतोबांना सांगू नकोस. आधीच त्यांना माझं काम म्हणजे खेळ वाटतो.

रुचिता


ऑफिसमधून
२२ जानेवारी

चि. रुचितास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी जिन्यातच पकडलं. नशीब, हे दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. यापुढे घरच्या पत्त्यावर लिहू नकोस. ऑफिसचा पत्ता पाकिटावर आहे. कारण यांना हल्ली वाचून डोळ्यांचा त्रास होतो.

अंडं तुमच्याच लॅबमधून आलं असणार. कोण अंडी खातं ते बघ. आणि चिपला इतकं बोलू नकोस. पत्र पत्त्यावर पडलं असेल तर पोस्टमनला दोष देऊ नये. या वाक्याचा अर्थ शोधत बसू नकोस, सहज सुचलं.

पत्रात चार चुका. सुधारते आहेस.

आत्या


फरीदाबाद
२९ जानेवारी

ती. आत्या,

तू म्हणालीस तसं शोधलं. सापडला. नचिकेत. माझ्या शेजारच्या बाकावर काम करतो, जिमला जातो, रोज सहा उकडलेली अंडी डब्यात आणतो. मी सरांना सांगितलं. सरांनी दारावर नोटीस लावली: या मजल्यावर अंडे आणण्यास सक्त मनाई. आता तो जिन्यात बसून खातो. माझ्याशी बोलत नाही. सगळा मजला बोलत नाही, कारण कॅन्टीनवाल्याने घाबरून भुर्जीपण बंद केली.

मी फ्रीज धुतला. नवीन दोन चिप्स बनवल्या. नवीन हातमोजे, नवीन पाणी, सगळं नवीन. खरवस पुन्हा चढवला. पुन्हा अंडं. पनीर चढवलं, अंडं नाही. डाळ, अंडं नाही. फक्त खरवसात!

नचिकेत जिन्यातून ओरडला, "मग खरवसातच असेल ना, यार!" मी त्याला सांगितलं, माझ्या आत्याबद्दल एक शब्द काढलास तर पायऱ्यांवरून ढकलीन.

सर आज म्हणाले, जी चिप एकाच पदार्थात भूत बघते, तिच्यावर कमिटी विश्वास ठेवणार नाही. दहा तारखेपर्यंत मी अर्ज मागे घ्यायचाय. कागद टेबलावर आहे. सही राहिलीय.

पोस्टमनचं काही कळलं नाही. पोस्टात काही हरवलंय का?

रुचिता


ऑफिसमधून
५ फेब्रुवारी

चि. रुचिता,

त्या मुलाची माफी माग. खरवसात अंडं आहे. लिटरला चार.

सही करू नकोस. आधी हे वाच.

लग्नानंतरचा यांचा पहिला वाढदिवस. पहाटे पाचला उठून हे गवळ्याकडे गेले, चीक आणला. मी कुकरची शिटी काढून वाफवायला ठेवला. पाऊण तासाने झाकण काढलं तर नुसतं दूध हललं. मला वाटलं, गवळ्याने नवखा माणूस बघून पाचव्या-सहाव्या दिवसाचा पातळ चीक गळ्यात मारला. हे बाहेरच्या खोलीत वाट बघत बसले होते. स्वेटर उलटा, बुटांना चिखल. त्यांना "तुम्हाला फसवलं" असं सांगवेना. वरच्या मजल्यावर लतिकादी राहायच्या, बंगाली. त्यांनी टॉवेलात गुंडाळून चार अंडी दिली. म्हणाल्या, "पुडिंग बना लो, कौन देखता है." गूळ होता, वेलची होती. थिजलं. यांनी दोन वड्या खाल्ल्या, तिसरी मागितली आणि म्हणाले, "असा चीक दिल्लीत दुसऱ्या कुणाला मिळणार नाही."

त्यानंतर दर वर्षी तेच. आईला दिलेला त्यांचा शब्द मी एकतीस वेळा मोडलाय, त्यांना न विचारता. हे त्यांना कळलं तर ते मला काही बोलणार नाहीत. तेच मला नको आहे.

पण तुझी चिप खोटी ठरवून मी माझी वडी खरी ठेवायची, हेही जमणार नाही. तुझ्या सरांना सांग. कमिटीला सांग. यांना नाही.

सरांना नुसत्या शब्दावर विश्वास ठेवावा लागू नये म्हणून व्यवस्था केली आहे. लग्नाच्या वाढदिवसाचं निमित्त काढून रविवारी यांना पुन्हा चीक आणायला लावलं. काल गेटवर गार्डकडे तुझ्या नावाचा बर्फाचा डबा मीच ठेवून गेले. वर आले नाही. तुझ्यासमोर उभं राहायची तयारी नव्हती. डब्यात तीन बाटल्या आहेत. एकीत अंडं घातलेला खरवस, एकीत यांनी आणलेला कच्चा चीक, एकीत बूथवरचं साधं दूध. कुठल्या क्रमांकाची कशाची, ते बंद पाकिटात. लाखेची मोहर आहे. ती सरांनीच फोडायची, तुझं काम झाल्यावर.

आत्या


फरीदाबाद
१२ फेब्रुवारी

ती. आत्या!!!

(तीन उद्गारचिन्हं चूक आहेत, माहीत आहे.)

नचिकेतची माफी मागितली, दोन डझन अंडी देऊन. नोटीस मी स्वतः फाडली. तो म्हणाला, "तुझी आत्या भारी आहे यार, मला भेटव." सरांनी तुझं पत्र दोनदा ऐकलं आणि चष्मा पुसत बसले. ते तमिळ आहेत. मी हिंदीत सांगत होते, तरी त्यांना सगळं कळलं.

अर्ज मागे घेतलेला नाही.

आता ऐक. तीन बाटल्या चढवल्या. सरांनी मोहर फोडली. दोन नंबर: अंडं घातलेला खरवस. चिपने बरोबर ओळखला. लॅबमध्ये टाळ्या.

पण एक नंबर आणि तीन नंबर सारखे निघाले. पाकिटात तू लिहिलंयस, एक म्हणजे चीक, तीन म्हणजे दूध. वासराला आजारापासून वाचवणारी प्रथिनं चिकात ढिगाने असतात. पाचव्या दिवसाचा असला तरी साध्या दुधाहून थोडी जास्त हवीतच. तुझ्या एक नंबरात ती तीन नंबराएवढीच आहेत. एक थेंब जास्त नाही. सर म्हणतात, तीनपैकी दोन. कमिटी तिसऱ्याचं विचारेल, आणि चीक न ओळखणारी चिप त्यांना नको असेल.

एकदा मी चिपला खोटं ठरवलं आणि पस्तावले. आता आधी माणसांना विचारणार. आत्या, अजून काही सांगायचं राहिलंय का?

रुचिता


ऑफिसमधून
१८ फेब्रुवारी

चि. रुचितास,
आशीर्वाद.

"काहीही राहिलेलं नाही, तुझं यंत्र दुरुस्त कर," असं उत्तर लिहून मी पाकीट बंद केलं होतं. पेटीत टाकायला गेले आणि तशीच परत आले.

शनिवारी यांना म्हटलं, ऑफिसातल्या मैत्रिणींना खरवस खायचाय. हे म्हणाले, "या वर्षी तिसऱ्यांदा?" म्हटलं, तुमचा चीक आहेच तसा. रविवारी साडेपाचला कॅन घेऊन निघाले. मी शाल डोक्यावरून घेऊन मागे निघाले.

बसस्टॉप आला. हे थांबले नाहीत. चालत सरोजिनी नगरला गेले. बाजाराची सगळी शटरं बंद. एका बाकावर बसले. चहा घेतला. पेपर उघडला आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला, निविदा सूचनांसकट. अडीच तास. मी समोरच्या शटरला टेकून उभी. पाय गेले माझे.

नऊ वाजता उठले. दुधाच्या बूथवर गेले. कॅन भरला. खिशातून एक पुडी काढली, चिमूटभर काहीतरी पिवळं आत टाकलं, झाकण लावून कॅन हलवला. मग रस्त्याकडेच्या झाडाखाली गेले आणि बुटांना आळ्यातली ओली माती लावली. आधी डाव्या, मग उजव्या. सराईतासारखी.

मी रिक्षा करून आधी घरी पोचले. हे दहाला आले. म्हणाले, "आज गवळी फार आढेवेढे घेत होता." मी म्हटलं, "दमला असाल. बूट बाहेर काढा."

मग आत जाऊन अंडी फोडली.

यांना मी काही बोलणार नाही. बोलायला मला जागा कुठे आहे? सरांसाठी शुद्धिपत्रक जोडलं आहे: "क्रमांक १ समोर 'चीक' ऐवजी 'दूध' असे वाचावे. चूक पाठवणाऱ्याची." खाली सही आहे.

पोस्टमन दोन्ही वेळा बरोबर होता.

आत्या


फरीदाबाद
२५ फेब्रुवारी

ती. आत्या,
सादर नमस्कार विनंती विशेष. (पाठ झालं.)

पास! दोन वर्षं मिळाली.

तिन्ही बाटल्यांचे निकाल दाखवले. एक मेंबर म्हणाले, शुद्धिपत्रकावर सही कुणाची? सर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "टपाल खात्यातल्या तज्ज्ञ आहेत, नमुने त्यांनी पुरवले." कोणी पुढे विचारलं नाही.

सगळ्यात जास्त आवडलं ते चिपला लागणारा माल. मोहरीच्या दाण्याचे दहा भाग केले तर त्यातला एकही पुरतो, हे करून दाखवलं. अध्यक्षबाई उठता उठता म्हणाल्या, "म्हणजे नमुना अपुरा आहे, असं तुम्हाला आयुष्यात कुणाला लिहावं लागणार नाही." मी म्हटलं, बिल्कुल नाही.

तुझीच
रुचिता


लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
१ मार्च २०२५
गोपनीय

चि. रुचिता हिस,
आशीर्वाद.

विषय: खरवसाच्या एका कणाची तपासणी.
संदर्भ: तुझे दि. १३ जानेवारीचे पत्र (मी वाचलेले).

सोबत कागदी पुडीत खरवसाचा एक कण जोडला आहे. तुझ्या यंत्राला एवढा पुरतो असे संदर्भाधीन पत्रावरून दिसते.

१९९५ साली मी खरोखर गावी गेलो होतो. म्हैस व्यायलेली होती. गवळ्याने चीक दिला नाही. म्हणाला, पहिला हक्क वासराचा. मला ते पटले. पण घरी तुझी आत्या पातेले घासून वाट पाहत होती. लग्नाला अकरा महिने झाले होते. मी सरोजिनी नगरात उतरून दूध घेतले, रंगासाठी चिमूटभर हळद घातली. हे थिजणार नाही, थिजले नाही की कबूल करू, असे ठरवून बाहेरच्या खोलीत बसलो होतो.

खरवस झाला.

पुढच्या वर्षीही झाला. बूथवरच्या दुधाचा खरवस होत नाही, हे मला ठाऊक आहे. तुझ्या आत्याला ते दूध बूथवरचे आहे हे ठाऊक नाही. सबब, ती बिचारी चीक समजूनच त्यात काहीतरी घालते. काय घालते याचा अंदाज आहे. त्या दिवशी आमच्या केराच्या बादलीवर कालचा पेपर पसरलेला असतो. एकतीस वर्षांत मी तो उचललेला नाही.

या वर्षी तिने तीनदा चीक मागवला. माझी लबाडी तिला कळली की काय, अशी शंका येते. म्हणून निवृत्तीनंतर एकदा खात्री करून घ्यावी असे वाटले. आईला दिलेला शब्द तुला माहीत आहेच. पुडी बांधताना मात्र लक्षात आले की आई जाऊन बावीस वर्षे झाली आणि तिसरी वडी मी अजून मागतो.

तरी निष्कर्ष कळवावा, ही विनंती. तुझ्या आत्याला कळता कामा नये. माझा तिच्यावर विश्वास नाही असे तिला वाटेल.

उत्तर घरच्याच पत्त्यावर, माझ्या नावाने पाठव. या घरात माझी पत्रे कोणी फोडत नाही.

भाऊसाहेब
(अवर सचिव, निवृत्त)


फरीदाबाद
६ मार्च २०२५

ती. आतोबा,
सादर नमस्कार विनंती विशेष.

विषय: आपला नमुना.
संदर्भ: आपले दि. १ मार्चचे गोपनीय पत्र.

पुडी मिळाली. कळविण्यास खेद होतो की नमुना अपुरा होता. निष्कर्ष काढता आला नाही.

पुढील तपासणीसाठी किमान चार वड्या लागतील. आत्याकडून करवून घ्याव्यात. चीक नेहमीच्याच गवळ्याचा असावा.

आपली
रुचिता